काटा पावावर, टाकी कोरडी: १९६६च्या एमजीबीच्या डॅशबोर्डचं प्रकरण

डॉक्टरकाकांची गाडी न्यूबरीच्या अलीकडे, ए-३४ रस्त्याच्या कडेला बंद पडली. दीड तासाने मी पेट्रोलचा कॅन घेऊन पोचलो, तेव्हा ते बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीकडे संशयाने बघत उभे होते. पेट्रोल संपलं असेल, हे त्यांना मान्यच नव्हतं.

"अरे, काटा पाव टाकी दाखवून राहिला होता ना! आणि टाकी फुल्ल केल्यापासून झाले फक्त दोनशे चाळीस मैल."

मूळचे नागपूरचे, हयात इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत गेलेली, निवृत्तीनंतर त्यांनी ही १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स गाडी, घेतली. टाकी साधारण १२ गॅलनची. ही गाडी गॅलनला २५ मैल देते असं त्यांनी वाचलेलं. म्हणजे २४० मैलांना साडेनऊ-दहा गॅलन गेले, दोन-अडीच गॅलन उरले, आणि काटाही तेच सांगतोय. हिशेब चोख होता. टाकीत मात्र थेंब नव्हता.

इंधनाचा काटा चुकला असता, तर मी हे लिहायला बसलो नसतो; जुन्या गाड्यांत तो चुकतोच. पण इथे इंधनाचा काटा आणि मैलांचं मीटर, दोघं स्वतंत्रपणे चुकले होते आणि चुकून एकमेकांना दुजोरा देत होते. शिवाय आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे, ते दाखवणारा) काटा मेलेला आणि पाण्याच्या तापमानाचा काटा थंड टोकाला झोपलेला. पुढच्या आठवड्यात भर पडली: पोलिसांचं पत्र आलं. ५० मैलांच्या हद्दीत ६१ने गाडी चालवल्याबद्दल. काकांचं म्हणणं, "मीटरवर पन्नासच होते, देवाशपथ." ते खरंच बोलत होते.

मी पुण्यात शिकलेला इन्स्ट्रुमेंटेशनवाला. कारखान्यातली प्रेशर गेज, थर्मोकपल यांत वीस वर्षं काढली. त्यामुळे गाडी माझ्याकडे आली. काकांनी तोवर इंधनाचं नवं गेज मागवून टाकलं होतं, आणि उरलेली तीनही नवीच बसवून टाकू असा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, काका, आधी एक शनिवार द्या.

थोडं गाडीबद्दल. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली. (काकांची गाडी बनली तेव्हा ॲबिंग्डन बर्कशरमध्ये मोडायचं, १९७४च्या फेररचनेत ते ऑक्सफर्डशरमध्ये गेलं.) सुरुवातीच्या गाड्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा, वर सुरकुत्या पडल्यासारखा खरखरीत काळा रंग. १९६४च्या शेवटी इंजिन पाच बेअरिंगचं झालं, त्याच सुमारास आरपीएमचं मीटर केबलवरून विजेवर आलं आणि इंधनाच्या गेजला व्होल्टेज स्टॅबिलायझर जोडला गेला. आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट: १९६७पर्यंत या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या ('अर्थ' म्हणजे अर्थिंग) होत्या. बॅटरीचं अधिक टोक बॉडीला, उणे टोक वायरिंगला. आज जे कुणी गाडीचं काम शिकतं, त्याला हे उलटं वाटतं.

सीटच्या मागे झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. झाकण उचललं आणि पहिला धागा हाती लागला. उणे टोक बॉडीला होतं. कधीतरी कुणीतरी आधुनिक रेडिओ बसवता यावा म्हणून गाडीचा अर्थ उलटा केला होता. त्यात गैर काही नाही, अनेकांनी केलंय. डायनॅमोच्या फील्डच्या टोकाला क्षणभर बॅटरीची वायर टेकवून त्याचं चुंबकत्व उलटं करायचं, कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या भागाच्या) दोन वायरी अदलाबदल करायच्या. या गृहस्थांनी डायनॅमो केला, रेडिओ लावला आणि तिथे थांबले. कॉइलच्या वायरी तशाच. ठिणगी पडत होती, पण जितकी जोमदार पडायला हवी तितकी नाही. आरपीएमच्या मीटरला तर त्यांनी हातच लावला नव्हता.

या मीटरच्या डायलवर बारीक अक्षरांत 'आरव्हीआय' छापलेलं असतं. ही प्रवाहावर चालणाऱ्या मीटरची खूण. इग्निशनच्या किल्लीकडून कॉइलकडे जाणारी पांढरी वायर मीटरच्या पाठीमागे एक वेढा घेऊन पुढे जाते. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट (संपर्क) उघडला की वायरमधला प्रवाह तुटतो, वेढ्यातून एक धक्का मीटरला मिळतो आणि आतलं ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट ते धक्के मोजतं. वायर कापलेली नाही, जोडलेली नाही, नुसती शेजारून गेलीय; साठच्या दशकातल्या माणसांचं मला कौतुक वाटतं ते अशा जागी. पण प्रवाहाची दिशा उलटली की धक्क्याचीही दिशा उलटते. शिवाय मीटरचा डबा बॉडीला टेकलेला, म्हणजे आतल्या सर्किटला पुरवठाही उलटा. मीटर बिघडलंच नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की घरातली मांडणी बदललीय.

डबा उघडण्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण बहुतेक नुकसान इथे होतं. समोरची क्रोमची रिंग ओढून काढायची नसते. तिच्या आतल्या बाजूला छोटे दाते असतात आणि डब्याच्या काठाला खाचा. रिंग फिरवत नेली की दाते खाचांसमोर येतात आणि ती अलगद सुटते. पन्नास-साठ वर्षांत आतलं रबर डांबरासारखं चिकटलेलं असतं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मिनिटभर द्यायची, मग फिरवायची. पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर घातला की रिंग गेली. डायलवर ओलं फडकंही फिरवू नये. पांढरे आकडे छपाईचे असतात. काच पुसायच्या द्रावणाने ते फडक्यावर येतात. कोरडा मऊ ब्रश, बस.

आत पुरवठ्याचा आणि अर्थचा असे दोन जोड अदलाबदल केले, पांढऱ्या वायरचा वेढा उलट्या दिशेने घातला, एक सुकलेला कपॅसिटर बदलला. मग टेबलावरच तपासणी. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ३,००० आरपीएमला मिनिटाला ६,००० ठिणग्या, सेकंदाला १००. सिग्नल जनरेटरवर १०० हर्ट्झ लावले, ट्रान्झिस्टरमधून वेढ्यात प्रवाह सोडला. काटा एकदम उठून २,७००वर थांबला. आतला छोटा पॉटेन्शिओमीटर (जुळवणीचा फिरता रेझिस्टर) केसभर फिरवून ३,०००वर आणला. २०० हर्ट्झला ५,८५० दाखवतो. तेवढा फरक सोडून दिला. काका ६,०००च्या जवळपास जाणारे नाहीत.

आता इंधन. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मी पहिला तास टाकीतल्या फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगून पातळीप्रमाणे रेझिस्टन्स बदलणाऱ्या भागाच्या) मागे घालवला. फ्लोट ठीक होता. रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम, भरलेल्याला २०च्या आसपास, जसं असायला हवं तसं. टाकीकडून येणारी हिरवी-काळी वायरही शाबूत. मग इंजिन चालू ठेवून स्टॅबिलायझरच्या बाहेर पडणाऱ्या टोकावर मल्टिमीटर लावला. १३.८ व्होल्ट. अगदी स्थिर.

ज्याने हे काम केलेलं नाही तो म्हणेल, स्थिर आहे म्हणजे चांगलंच की. उलट आहे. हा स्टॅबिलायझर म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान डबी. आत द्विधातूची पट्टी, तिच्याभोवती तापणारी बारीक तार. संपर्क जुळलेला असताना बाहेर पूर्ण व्होल्टेज जातं. तार तापते, पट्टी वाकते, संपर्क तुटतो. पट्टी गार होते, पुन्हा जुळतो. चालू-बंद, चालू-बंद, आणि सरासरी १० व्होल्ट. गेजमध्येही तापणारी तार आणि पट्टीच असते, त्यामुळे तो इतका मंद असतो की ही उघडझाप त्याला जाणवतच नाही. चांगल्या स्टॅबिलायझरवर मल्टिमीटरचा आकडा उड्या मारतो. आकडा थांबला, तर डबी काम करत नाहीये.

का करत नव्हती? त्या तापणाऱ्या तारेचं दुसरं टोक डबीच्या पत्र्यातून बॉडीला जातं. डबीला अर्थ मिळाला नाही, तर तारेतून प्रवाह नाही, पट्टी तापत नाही, संपर्क कधीच तुटत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली पाठीवर झोपलो. स्क्रू घट्ट होता. स्क्रूखाली, डबीखाली, पूर्ण पत्र्यावर सुंदर काळा रंग होता.

आधीच्या मालकाने डॅशबोर्ड काढून एका वर्कशॉपमध्ये नव्याने रंगवून घेतला होता. त्याचं बिल काकांच्या फाईलमध्ये होतं. काम देखणं झालेलं. तो खरखरीत रंग सोपा नाही, थर दिल्यावर नेमकी उष्णता द्यावी लागते, तरच सुरकुत्या सारख्या पडतात. पण पत्र्याच्या डॅशबोर्डमध्ये पत्रा हीच एक वायर असते, हे रंगाऱ्याच्या लक्षात आलं नाही. मागच्या बाजूलाही त्याने तितक्याच प्रेमाने रंग दिला होता. डबीच्या स्क्रूखाली येणारी काळी अर्थची वायर परत लावायची राहिली होती. ती चिकटपट्टीने गुंडाळून बाजूला लोंबत होती. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते का, तेही तिथेच कळलं. दिव्यांचा परतीचा रस्ताही गेजच्या डब्यातून पत्र्याकडे जातो.

१० ऐवजी १३.८ व्होल्ट मिळाले तर गेजच्या तारेतली उष्णता जवळजवळ दुप्पट होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भरलेल्या टाकीला काटा टोकापलीकडे जाऊन टेकतो आणि ते लगेच दिसतं. पण टाकी रिकामी होत आली की उष्णताच इतकी कमी असते की तिच्या दुपटीनेही काटा फार वर जात नाही, पाव टाकीच्या जरा खाली रेंगाळतो. विश्वास ठेवावा असाच आकडा. काकांनी सुरुवातीचं 'फुल'च्या पलीकडे जाणं पाहिलं होतं, आणि "जुनी गाडी, जरा जास्त भरली असेल" म्हणून सोडून दिलं होतं.

नाण्याएवढी जागा खरवडून उघडी केली, दातेरी वॉशर घातला, काळी वायर परत लावली. डबी बसवताना तिची वरची बाजू वरच ठेवावी लागते. आडवी बसवली तर पट्टीची उष्णता नीट खेळत नाही आणि सरासरी बिघडते. मल्टिमीटरचा आकडा नाचायला लागला. टाकीची वायर काढून तिच्या जागी रेझिस्टर लावून पाहिले: २४० ओहमला काटा 'रिकामी'वर, ६८ला बरोबर अर्ध्यावर, २०ला 'फुल'वर. गेजच्या पाठीमागे जुळवणीच्या दोन खाचा असतात, त्यांवर बुचाच्या लाकडाच्या टिकल्या. त्या टिकल्या शाबूत होत्या, म्हणजे त्याला कारखान्यातून निघाल्यापासून कुणी छेडलंच नव्हतं. नवं मागवलेलं गेज खोक्यासकट परत पाठवायला सांगितलं. काकांनी ते पाठवलं नाही, "राहू दे, लागेल" म्हणून कपाटात ठेवलं. माझे वडीलही असेच होते.

आजकाल या डबीऐवजी ७८१० नावाचा रेग्युलेटर बसवतात, जुन्या डबीतच लपवतात. उत्तम चालतो. पण तो निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर ७९१० लागतो. मूळ डबीला अर्थची दिशा कळतच नाही, तापायचं तेवढं तिला ठाऊक. ती चालत असताना मी काढली नाही.

वेगाच्या मीटरचं प्रकरण मला सर्वात आवडलं, कारण तिथे काहीच मोडलं नव्हतं. काटा डुलत नव्हता, आवाज नव्हता, मैलांचे आकडे झकास फिरत होते. डायलवर खाली बारीक अक्षरांत १२८० छापलेलं. केबलने एका मैलात किती फेरे मारले म्हणजे हे मीटर एक मैल मोजेल, तो हा आकडा. आता गाडी खरोखर किती फेरे देते, ते मोजायचं. केबल मीटरपासून सोडवली, तिच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवला, मागच्या चाकावर खडूची खूण केली. काका गाडी ढकलत होते (वय त्र्याहत्तर, ऐकतील तर शपथ), मी झेंडा मोजत होतो. चाकाच्या सहा फेऱ्यांना केबलचे सव्वासात फेरे. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत ११.७ इंच.

याचं जुनं सूत्र आहे: १६८० गुणिले केबलचे फेरे, भागिले इंचांतली त्रिज्या. १६८० कुठून आला, हे न सांगता सूत्र देणं मला जमत नाही. एका मैलात ६३,३६० इंच. चाकाच्या सहा फेऱ्यांत गाडी ३७.७ गुणिले त्रिज्या इतके इंच पुढे जाते. पहिल्याला दुसऱ्यातल्या ३७.७ने भागा, १६८० येतात. आमचं उत्तर आलं १०४१.

म्हणजे मीटर नंतरच्या काळातल्या एमजीबीचं होतं. दिसायला तसंच, भोकात बरोबर बसणारं, आतून वेगळं. १०४१ फेरे मिळाल्यावर ते १२८० फेऱ्यांच्या हिशेबाने दाखवत होतं, म्हणजे खऱ्याच्या ८१ टक्के. मीटरवर ५० असताना गाडी ६१ने चाललेली. पोलिसांच्या कॅमेऱ्याने अगदी तोच आकडा दिला होता. आणि मीटरवरचे २४० मैल म्हणजे प्रत्यक्षात २९५. गॅलनला २५ने भागा: पावणेबारा गॅलन. बारा गॅलनची टाकी कोरडी पडायलाच हवी होती.

जुन्या फाईलमध्ये आधीच्या मालकाच्या हस्ताक्षरात आणखी एक नोंद सापडली. गाडी गॅलनला फक्त २० मैल देते म्हणून त्याने दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) करून घेतलं होतं. इंजिन बिचारं २५ देत होतं. ते पुन्हा जुळवायला एक संध्याकाळ गेली.

मीटर दुसऱ्या आकड्यावर आणायचं तर आतली दातेरी चक्रं बदलावी लागतात, चुंबकाची ताकद जुळवावी लागते. ते घरचं काम नाही. सुदैवाने सप्टेंबर जवळ होता. ब्यूलीला (स्पेलिंग पाहून कुणीही 'बोलिओ' म्हणेल) मोटर म्युझियमच्या मैदानात जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. दुपारपर्यंत खोकी उपसून १०४० छापलेलं एक मीटर मिळालं. काटा अडकत होता. उघडलं तर केबलचं ग्रीस वर चढून ॲल्युमिनियमच्या वाटीत गेलेलं. केबलच्या वरच्या वीतभर भागाला ग्रीस लावायचं नसतं, ते याचसाठी: फिरत्या केबलवरून ते मळसूत्रासारखं वर चढतं, चुंबक आणि वाटी चिकटतात, आणि गाडी हळू चालली तरी काटा शंभरावर जातो. साफ केलं. काढलेल्या मीटरवरचे मैल, नव्यावरचे मैल आणि तारीख कागदावर लिहून फाईलमध्ये ठेवली. पुढच्या मालकाने आमच्यासारखं कोडं घालत बसू नये.

राहिलं तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान एकत्र दाखवणारं गेज. चारांपैकी खरोखर मोडलेलं हे एकच. तेलाची बाजू ठणठणीत: गरम इंजिनाला धावताना ५० ते ८०च्या पट्ट्यात (चौरस इंचाला पौंड) दाब. पाण्याची बाजू मेलेली. या गेजला वीज लागत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये एक बल्ब (दिवा नव्हे, धातूची पोकळ कुपी), त्यातून केसासारखी बारीक तांब्याची नळी गेजपर्यंत, आत इथर. पाणी तापलं की इथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि गेजमधली वाकडी पोकळ नळी सरळ व्हायला बघते. कधीतरी हेड उतरवताना कुणीतरी नट फिरवला, बल्ब त्याच्याबरोबर फिरला आणि नळीला पीळ पडून ती तडकली. इथर उडून गेला. बल्ब उकळत्या पाण्यात धरला, काटा हलला नाही, निदान संपलं.

हे घरी दुरुस्त करता येतं. नवी नळी आणि बल्ब असलेलं स्वस्त गेज घ्यायचं, बल्ब बर्फ-मिठात बुडवून सगळा इथर तिथे गोळा करायचा, नळी कापून जुन्या गेजच्या तुकड्याला पितळेच्या बाहीने डाखायची. मी केलेलं नाही आणि करणारही नाही. इथर ३५ अंशांना उकळतो, वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघते. माझ्या गॅरेजमध्ये तर बॉयलर आहे. गेज या कामातल्या एका जुन्या कारागिराकडे पोस्टाने पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आलं.

बसवण्याआधी किटलीत पाणी उकळून बल्ब बुडवला. डायल फॅरेनहाइटमधला, काटा २१२वर यायला हवा. आला. (महाबळेश्वरला कुणी ही चाचणी करणार असेल तर सांभाळून. तिथे पाणी चार-पाच अंश सेल्सिअस आधीच उकळतं आणि चांगल्या गेजवर उगाच आळ येतो.)

आता काका ठरवून पहिल्या दोनशे मैलांना पेट्रोल भरतात, काटा काहीही म्हणो. पोलिसांना त्यांनी खडूची खूण, झेंडा, १०४१, सगळं सविस्तर लिहून कळवलं होतं. उत्तर नम्र होतं. दंड भरावा लागला.